परत आलेलं ताट

शिवशरण मिस्त्री वारले तेव्हा आमच्या गल्लीतल्या मंडळाने शोकसभा ठेवली. मठाचे जुने पंच बसप्पा बोलायला उभे राहिले. मिस्त्रींचा हात किती सफाईचा, सोलापुरातला कुठलाही माग ते नुसत्या आवाजावरून कसे ओळखायचे, असं सगळं सांगून झालं आणि मग म्हणाले, "चनमल्लप्पाला तर त्यांनी पुत्रवत सांभाळलं." लोकांनी माना डोलावल्या. मी मागच्या सतरंजीवर बसले होते. मला राहवलं नाही. उठले आणि म्हणाले, "बसप्पाण्णा, पुत्र कुठला? पाय मसणात गेले तरी खोटं बोलायचं सुटेना व्हय तुमचं?"

सभा त्यानंतर लवकर संपली. पहिल्या रांगेत बसलेल्या चनमल्लप्पाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. आठ दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

म्हणून हे लिहून ठेवते. मी सुंदरम्मा. बाळीवेशीजवळ माझी खानावळ होती. तिशीत विधवा झाले, तेव्हा दिराने सांगितलं की मंगळवेढ्याला येऊन राहा, पोरं सांभाळ. मी म्हटलं, तुमची पोरं तुम्ही सांभाळा. आणि भाकऱ्या थापायला बसले. भाकरी, शेंगाची चटणी, आमटी, दही. लिंगायताची खानावळ म्हणून मद्रूप, अक्कलकोट, मोहोळ इकडून शहरात कामाला आलेले सगळे माझ्याकडेच जेवायचे. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण दिवसाला साठ माणसं जेवताना बघितली आहेत. माणूस खरा कसा आहे ते ताटावर बसल्यावर कळतं, मठात नाही.

शिवशरण मिस्त्री भिंतीकडेच्या शेवटच्या पाटावर बसायचे. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. कोण आलं कोण गेलं सगळं बघायचे आणि बोलायचे काहीच नाहीत. पंचेचाळिशीचे होते तेव्हा. उंच, जरा वाकलेले, नखांत कायम मागाचं काळं तेल. शेजारचा पाट रिकामा असायचा, कारण मिस्त्रींच्या गळ्यात इष्टलिंग नव्हतं.

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात लहानपणीच जंगम, म्हणजे आमचे पुरोहित, येऊन दीक्षा देतात आणि इष्टलिंग गळ्यात बांधतात. चांदीच्या डबीत ते असतं आणि दोर्‍याने छातीवर रुळतं. आम्ही त्याला गळ्यातला देव म्हणतो. ते अंगावरून उतरवायचं नाही. दुसऱ्याच्या देवाला हात लावायचा नाही. आणि चुकून हरवलं, तर परत मिळेपर्यंत किंवा जंगमांनी नवं देईपर्यंत अन्न घ्यायचं नाही. माझी सासू एकदा आडावर डबी विसरली होती, तेवढ्या वेळात तोंडातलं पानसुद्धा तिने थुंकून टाकलं.

मिस्त्रींनी मात्र वीस वर्षांपूर्वी देव काढून ठेवला होता. लग्न करत नाहीत म्हणून वडिलांनी त्यांना मठात नेलं. पंचांनी सांगितलं, देवाला हात लावून शपथ घे की तुझ्या मनात पुरुषाबद्दल काही येत नाही. मिस्त्रींनी डबी काढली आणि समोरच्या पाटावर ठेवली. म्हणाले, "खोटी शपथ घ्यायला मी ह्याला मधे घेणार न्हाय. ठेवून घ्या तुमच्याकडे." तेव्हापासून घर तुटलं. लोक त्यांना दारातून आत घेत नसत. पण माग बंद पडला की त्याच लोकांचा माणूस सायकलवरून त्यांना बोलवायला धावत यायचा. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय. मिस्त्री जायचे, माग चालू करायचे, ओट्यावर बसून दिलेलं पाणी प्यायचे आणि आपल्या खोलीत परत यायचे. मी एकदा विचारलं, "राग येत न्हाय तुमाला?" तर म्हणाले, "येत होता. आता कंटाळा येतो."

चनमल्लप्पा बहात्तरच्या दुष्काळानंतर मद्रूपकडून आला. पंचविशीचा, दांडगा, पोत्यासारखा सुताचा गठ्ठा पाठीवर घेऊन जिना चढणारा. सुताच्या एका गोदामात हमाल म्हणून लागला होता. पहिल्या दिवशी खानावळीत आला आणि थेट मिस्त्रींच्या शेजारच्या पाटावर बसला. सगळी पंगत थांबली.

मिस्त्री म्हणाले, "ती जागा कुणाची न्हाय."

"मग माझी," चनमल्लप्पा म्हणाला, आणि माझ्याकडे बघून ओरडला, "अक्का, भाकरी आण की!"

त्याला कुणीतरी बाहेर नेऊन समजावून सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच बसला. तिसऱ्या दिवशीही. महिन्याभरात मिस्त्री, जे वर्षानुवर्षं "वाढ" आणि "पुरे" या दोन शब्दांवर जेवत होते, ते मला म्हणाले, "अक्का, त्याला गरम दे. त्याला गार भाकरी गिळत न्हाय." मी परातीवरून मान वर करून बघितलं. चनमल्लप्पा आपल्या वाटीतलं दही मिस्त्रींच्या ताटात ओतत होता आणि मिस्त्री नको नको म्हणत वाटी पुढे करत होते. मला काय कळायचं ते कळलं. कुणाचं काही वाकडं होत नव्हतं. उलट माझी भाकरी दोन माणसं हसत खात होती. मी कशाला बोलू?

पण गल्लीला डोळे असतात आणि त्याहून लांब जीभ. चौऱ्याहत्तर सालच्या त्या बुधवारी दुपारी पंगतीत चारपाच जण बसले होते. एकाने खाकरून विचारलं, "मिस्त्री, हा तुमचा कोण लागतो ओ?" बाकीचे ताटात बघून हसले. मिस्त्रींचा घास हातात राहिला. वीस वर्षं मठाच्या पंचांना न घाबरलेला माणूस, पण त्या क्षणी मी त्यांचं तोंड पडलेलं बघितलं. म्हणाले, "कोण न्हाय. हमाल हाय."

चनमल्लप्पाने ताटावरचा हात उचलला, बाहेर जाऊन धुतला आणि निघून गेला. मला मिस्त्रींचा इतका राग आला की मी त्यांना ताक वाढलं नाही.

त्या संध्याकाळी काय झालं ते मला नंतर कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे पुढे डोकं खाजवायला नको. दिवेलागणीला चनमल्लप्पा मिस्त्रींच्या खोलीवर गेला. नऊ वाजेपर्यंत भांडण झालं. शेवटी त्याने गळ्यातला देव काढला. आईने दीक्षेच्या दिवसापासून जपायला शिकवलेला देव. डबी मिस्त्रींच्या उशीशी ठेवली आणि म्हणाला, "चारचौघांत मला हमाल म्हणालात. आता चारचौघांत तुमच्या हाताने हे माझ्या गळ्यात घाला. तवर मी जेवणार न्हाय." आणि गेला.

आता दैव बघा कसं असतं. त्याच दिवेलागणीला, तो ज्या गोदामात काम करायचा तिथे कल्लप्पा मुकादमाचं डोकं कुणीतरी पहारीने फोडलं. विणकरांच्या वाट्याचं सूत मागच्या दाराने बाहेरगावी चोरून जात होतं आणि कल्लप्पा ते सूतवाटप बघणाऱ्या सरकारी साहेबाला सांगणार होता, असं पुढे बाहेर आलं. सकाळी दार उघडलं तेव्हा तो सुताच्या ढिगावर पालथा पडलेला होता. मुठीत तुटलेला दोरा होता, आणि दोऱ्याला इष्टलिंगाची डबी. मारणाऱ्याचा गळा धरला असणार बिचाऱ्याने.

पोलीस चौकीत हवालदार होते धोंडीराम. मूळचे मोहोळकडचे, पण आमच्या पेठेत वीस वर्षं काढलेली. फौजदार नवा होता, त्याला डबी म्हणजे एक वस्तू. धोंडीरामांना मात्र सगळं ठाऊक. त्यांनी ती डबी दारूच्या बाटल्यांबरोबर मुद्देमालात ठेवू दिली नाही. खुर्चीवर धुतलेला टॉवेल घालून त्यावर ठेवली. आणि त्यांच्या डोक्यात एक गणित बसलं. ज्याचा देव गेला तो जेवणार नाही. तेव्हा पेठेतल्या खानावळी फिरायच्या आणि विचारायचं, कुणाचं ताट परत येतंय?

इकडे चनमल्लप्पा गुरुवारी दुपारी खानावळीत आला. आपल्याच पाटावर, मिस्त्रींच्या शेजारी बसला. मी वाढलं. त्याने ताटाला नमस्कार केला आणि ताट माझ्याकडे परत सरकवलं. मिस्त्री समोर बघत घास चावत होते, गिळत नव्हते. शुक्रवारी पुन्हा तसंच. पाणी तेवढं प्यायचा. न जेवायचंच होतं तर येऊ नये की! पण मिस्त्रींनी बघावं म्हणून रोज येऊन बसायचा. असा हट्टी.

शनिवारी धोंडीराम माझ्याकडे आले. "अक्का, तुमच्या हितं कुणी ताट परत करतंय का?"

मला वाटलं, माझ्या स्वयंपाकावर कुणी तक्रार केली. मी कमरेला पदर खोचला. "माझ्या हातची भाकरी कोण परत करतंय? एक त्या चनमल्लप्पाचं काय बिनसलंय कोण जाणे, दोन दिवस जेवला न्हाय. बाकी सगळे बोटं चाटून जातात."

हवालदारांनी टोपी नीट केली आणि गेले. संध्याकाळी कळलं, चनमल्लप्पाला धरलं. गळ्यात देव नव्हता. "तुझा देव कुठाय?" म्हणून विचारलं, तर गप्प. "बुधवारी दिवेलागणीला कुठं होतास?" गप्प. आदल्या आठवड्यात कल्लप्पाशी त्याची गठ्ठ्यांवरून बाचाबाची झाली होती, ती दहा जणांनी ऐकलेली. आता राहिलं काय? फाशीच. आणि हे माझ्या तोंडाने झालं. त्या रात्रीचं पीठ मी मळलंच नाही, हाताखालच्या पोरीने मळलं.

रविवारी दुपारी पंगती उठल्यावर मिस्त्री आले. पाटावर बसले नाहीत, उंबऱ्यावर बसले. मग वर लिहिलेलं सगळं मला सांगितलं. भांडण, डबी, सगळं. वीस वर्षांत बोलले नसतील तेवढं बोलले.

मी म्हणाले, "मग कालच का न्हाय गेलात चौकीत?"

"अक्का, मला भीती वाटती."

"पोलिसांची?"

"न्हाय." मिस्त्री हाताच्या नखातलं तेल काढत होते. "त्यो माझ्या खोलीत होता म्हणून सांगितलं, तर कशाला होता ते विचारणार. आन मग सगळं गाव माझ्याकडं बघणार. एकदा बघितलंय, वीस वर्षं झाली. पुन्यांदा सोसंल का न्हाय, कळत न्हाय."

माझा पारा चढला. म्हणाले, "बघू दे की! गाव तुमच्याकडं बघणार म्हणून तुमी कालपास्नं खोलीत बसला, आन तितं तो चार दिवसांचा उपाशी गजाआड बसलाय. बोलायचं असतं तर कधीच बोलला असता तो. तुमचं नाव येऊ नये म्हणून गळा द्यायला निघालाय. आन तुमी त्याला हमाल म्हणालात! मिस्त्री, मागाचा आवाज ऐकून काय बिघडलं ते सांगता, एवढं ऐकू येत न्हाय?"

त्यांनी हात धोतराला पुसले. मग उठले. म्हणाले, "त्याच्यावाचून मला जमणार न्हाय, अक्का." एवढंच. आणि खोलीकडे गेले. मी डब्यात भाकरी भरायला घेतली, कारण मला वाटलं, गेले तर भाकरी लागणार आणि नाही गेले तर मीच जाणार.

तासाभराने ते गल्लीत आले तेव्हा मला आधी ओळखू आले नाहीत. आंघोळ केलेली, धुतलेलं धोतर, आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. डाव्या तळहातावर डबी धरलेली, पूजेला धरतात तशी. भर चार वाजता, बाळीवेशीच्या रस्त्याच्या मधोमध. फळकुटावर बसलेले लोक उठून उभे राहिले. ज्याने वीस वर्षं देवाला हात लावला नाही, तो दुसऱ्याचा देव हातावर घेऊन चाललेला. एक जण ओरडला, "मिस्त्री, कुणाचा उचललात?" मिस्त्रींनी मान वळवली नाही. मी डबा घेऊन मागे. चौकीपर्यंत जाता जाता पन्नासेक माणसं आमच्या मागे झाली, त्यात बसप्पाही होते.

पुढे त्या दोघांचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. सहा महिने मिस्त्रींना कुणी कामाला बोलावलं नाही. दोन पंच मला सांगायला आले की या दोघांना जेवू घालायचं बंद कर, नाहीतर आमची माणसं येणार नाहीत. मी म्हटलं, नका येऊ, मला कमी भाकऱ्या थापाव्या लागतील. पंधरा दिवसांत सगळे परत आले, कारण बाकी खानावळीत आमटी पाण्यासारखी. मागवालेही आले. माग कुणाची सोयरीक विचारत नाही, बंद पडला की पडला. पुढे अशोक चौकाकडे दोघांनी दोन खोल्या घेतल्या आणि बाहेर पाटी लावली, "शिवशरण व चनमल्लप्पा, माग दुरुस्ती". बावीस वर्षं ती पाटी होती. भांडायचेही खूप. चनमल्लप्पा रागावला की माझ्याकडे येऊन बसायचा, आणि मिस्त्री तासाभरात त्याला न्यायला यायचे.

पण मला सांगायचा आहे तो चौकीतला दिवस.

धोंडीराम टेबलामागे होते. मिस्त्रींना बघून उठलेच. मिस्त्री म्हणाले, "हवालदार, हा चनमल्लप्पाचा देव. झाकणावर पोचा हाय बघा, ल्हानपणी बैलगाडीतनं पडला तवाचा. मद्रूपला त्याच्या आईला विचारा. बुधवारी रात्री नवापास्नं हा माझ्या खोलीत हाय. आन त्याआधी दिवे लागल्यापास्नं त्यो माझ्या खोलीत होता. त्यानं खून केला न्हाय."

धोंडीरामांनी खुर्चीवरच्या डबीकडे बघितलं, मग मिस्त्रींच्या हातातल्या. माणूस हुशार होता. आपलं गणित चुकलं हे त्यांच्या तोंडावर दिसलं. खाली बसून कागद ओढला. दारात माणसांची गर्दी, खिडकीत डोकी.

"तुमच्या खोलीत देव काढून ठेवला? कशाला?"

मिस्त्रींनी डबी टेबलावर ठेवली.

धोंडीरामांनी दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. मी टेबलाला टेकून उभी होते म्हणून मला ऐकू आलं. "मिस्त्री, डबीची कडी तुटली व्हती. दुरुस्तीला तुमच्याकडं आणून दिली. असं लिवतो. तुमी मिस्त्रीच हाय, कुणी काय इचारणार न्हाय. पोरगं बी सुटंल, तुमी बी सुटाल."

इतकी सोपी वाट. हातभर अंतरावर. खरं सांगते, मला वाटलं की घ्यावी त्यांनी. माझ्या मनात आलं, घ्या आणि चला घरी, भाकऱ्या गार होतायत. आतल्या खोलीच्या गजांमागे चनमल्लप्पा उभा होता. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. मिस्त्रींकडे नुसता बघत होता.

मिस्त्रींनी डबी उचलून कडी धोंडीरामांना दाखवली. "कडी साबूत हाय, हवालदार. खोटं लिवू नका." मग गर्दीकडे वळले आणि असं बोलले की रस्त्यापलीकडे ऐकू जावं. "आमचं भांडण झालं होतं. चार माणसांत मी त्याला हमाल म्हणालो. त्यो माझा हमाल न्हाय. त्यो माझं माणूस हाय. माझा त्याच्यावर जीव हाय, त्याचा माझ्यावर. वीस वर्सं मी एकटा जेवलो, आता जेवणार न्हाय. लिवा."

गर्दीत कुणीतरी थुंकलं. कुणीतरी हसलं. बसप्पा म्हणाले, "शिव शिव."

धोंडीराम म्हणाले, "मिस्त्री, असल्याला कलम हाय."

"खुनाला बी हाय. आधी त्यो कुणी केला ते बघा." मिस्त्री थांबले नाहीत. "तुमी उपाशी माणूस हुडकत फिरलात. गळ्यात देव न्हाय म्हणून चार दिवस अन्नाला शिवला न्हाय, असा माणूस दुसऱ्याचं डोकं पहारीनं फोडंल? डोकं फोडणारा दुसऱ्या दिवशी पोटभर जेवतो. जेवलेला माणूस हुडका."

आणि मला एकदम गुरुवार आठवला. गोदाममालकाचा मेहुणा गुरप्पा, तोच गोदामाचं बघायचा, माझ्याकडे जेवायला यायचा. त्या दिवशी मुकादम मेल्याची बातमी सांगत सांगत तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्या त्याने. हात धुवायला नळावर वाकला तेव्हा सदऱ्यातून डबी बाहेर आली. दोरा पांढराशुभ्र. आमचे दोरे घामाने, तेलाने काळपट झालेले असतात. डबीही नवी, लखलखीत. मी मनात म्हटलं होतं, सणावाराशिवाय नवं कशाला? आणि विसरून गेले होते. मी ते सगळं तिथेच सांगितलं. एकदा माझ्या तोंडाने निरपराध आत गेला, आता खरा जाऊ दे.

धोंडीरामांनी शिपायाला जंगमांकडे पिटाळलं. तास-दीड तास आम्ही सगळे तिथेच. गर्दीही हलली नाही, तमाशा कोण सोडतो? जंगम स्वतः आले. म्हातारा माणूस, हात जोडून म्हणाले, गुरुवारी पहाटे गुरप्पा आला, जुना देव आडात पडला म्हणाला, म्हणून मी नवं बांधलं. खुर्चीवरची डबी लांबूनच बघून त्यांनी ओळखली. रात्र व्हायच्या आत गुरप्पाला घरून उचलला, सूत चोरून पाठवणारा तोच निघाला आणि पहार कुठल्या आडात टाकली तेही त्यानेच दाखवलं. पण ते नंतरचं.

धोंडीरामांनी जबाबाचा कागद पुढे घेतला. लिहिता लिहिता थांबले. "बुधवारी त्यो तुमच्या खोलीत व्हता, ते लिवलं. कशाला व्हता तितं मी 'घरगुती वाद' लिवलंय. खोटं हाय का?"

मिस्त्रींनी वाचलं. "न्हाय," म्हणाले. "घरगुतीच हाय." आणि सही केली.

मग गजाचं दार उघडलं. चनमल्लप्पा भिंतीला हात लावत व्हरांड्यात आला. मिस्त्री डबी हातात घेऊन त्याच्या समोर उभे राहिले. संध्याकाळचं ऊन अजून होतं आणि सगळी पेठ तिथे होती.

बसप्पा पुढे आले. "थांब शिवशरण. गळ्यात देव बांधायचा मान जंगमांचा. स्वतःचा टाकून दिलेल्या माणसाने दुसऱ्याला बांधायचा, हे कुठल्या शास्त्रात हाय?"

म्हातारे जंगम तिथेच होते. ते खाली बघत राहिले. खुन्याला त्यांनी एक प्रश्न न विचारता बांधलं होतं.

मिस्त्रींनी दोरा दोन्ही हातांत उघडून धरला. ते चनमल्लप्पाला म्हणाले, "चन्या, सगळे बघायलेत. बांधू का?"



चनमल्लप्पाने एकदा सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली. बसप्पांवर, हसणाऱ्यांवर, माझ्यावर, माझ्या हातातल्या डब्यावर. मग गळा पुढे केला.

"बांधा की लवकर," तो म्हणाला. "लई भूक लागलीया."